आधी प्रश्न कळू द्या

सेमी-इंग्रजीच्या वर्गात मूल मागे पडलं की ‘गणित कच्चं’ असा शिक्का बसतो. तो मारण्याआधी त्या मुलाची एक साधी परीक्षा घ्यायला हवी.

आंधळगावचंच घ्या. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं हे विणकरांचं गाव, कोशाच्या कापडासाठी नावाजलेलं. इथल्या एखाद्या मुलाला इंग्रजीत छापलेलं शाब्दिक उदाहरण सुटलं नाही, तर तसंच उदाहरण त्याला तोंडी घाला: एका साडीला 6 मीटर कापड लागतं, तर 48 मीटरमध्ये साड्या किती? ‘आठ’ असं चटकन उत्तर आलं, तर गणित पक्कं आहे. अडलंय ते इंग्रजीपाशी. अशा मुलाला पाढे घोकायला बसवून काय साधणार?

2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. ते योग्यच झालं. भंडाऱ्याच्या मुलांना पुण्या-मुंबईच्या बरोबरीनं इंग्रजी मिळालंच पाहिजे. पण घरी झाडीबोली, पुस्तकात प्रमाण मराठी आणि सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीतून, अशी तिहेरी कसरत करणाऱ्या मुलाचं पाऊल कुठे अडखळतं, हे पाहणार कोण?

अमेरिकेत शाळेत नाव घालतानाच घरी कोणती भाषा बोलता, हे विचारतात. घरची भाषा वेगळी असेल तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते, गरजेप्रमाणे जादा मदत मिळते आणि दरवर्षी पुन्हा तपासणी होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1974 मध्ये बजावलं, की ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांना इतरांसारखीच पुस्तकं आणि शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली, असं होत नाही.

आपल्याकडे जवळजवळ अख्खा वर्गच अशा मुलांचा असतो, म्हणून कुणाची अडचण वेगळी दिसत नाही. ती शोधायला फार खर्चही नको. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या काही फेऱ्यांत स्वयंसेवक एकेका मुलाजवळ बसून इंग्रजी अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं वाचून घेतात आणि अर्थ विचारतात. हेच वर्गशिक्षकांनी दर सहामाहीला करावं. ज्यांना अर्थ लागत नाही, त्यांना उदाहरण आधी मराठीत, गरज पडली तर झाडीबोलीत समजवावं आणि मग इंग्रजी वाक्याकडे न्यावं. चाचणीतला प्रश्न दोन्ही भाषांत द्यावा. शाळा व्यवस्थापन समितीनं सेमीचा ठराव घेतानाच ही तयारी आहे का, ते बघावं.

आणि पालकांनो, गणितात गुण कमी पडले तर लेकराला रागावण्याआधी शाळेत जाऊन एवढं विचाराच: त्याला प्रश्न कळला होता का?