अंतर्गळ आणि लज्जा

अंतर्गळाची व्यथा वडीलधारी मंडळी लज्जेपोटीं वर्षानुवर्षें लपवितात व पट्टा बांधून दिवस काढतात, असें आम्हांस अनेक घरांत आढळतें. सुश्रुतानें हिचें वर्णन ‘अंत्रवृद्धि’ ह्या नांवानें केलें आहे. ओझें उचलणें, बलवंताशीं झुंजणें, झाडावरून पडणें हीं तिचीं कारणें. दाबली असतां ती शब्द करीत वर जाते, सोडतांच पुन्हा फुगते. त्यानें ती असाध्य मानिली. परंतु इटलीच्या बॅसिनीनें १८८७ सालीं आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्यावर ती साध्यांत जमा झाली.

पट्ट्यानें जांघेंतील छिद्र बुजत नाहीं. आंतडें त्यांत अडकलें कीं मलवात कोंडतो, वांत्या होतात; रुधिराभिसरण थांबलें तर कांहीं तासांतच तें कुजूं लागतें व प्राणावर बेततें. गांठ कठीण व दुखरी होऊन आंत जाईना, तर चोळूं नये, एरंडेल देऊं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें. मांडीच्या मुळाशीं होणारा अंतर्गळ स्त्रियांत अधिक आढळतो व तो लवकर आवळतो. त्यांनींही संकोच धरूं नये.

जें सुश्रुतानें शिष्यांस निःसंकोच सांगितलें, तें आपल्या मुलासुनांस सांगण्यांत लाज कसली?