फाईल उघडण्याआधी

वलगावात परतवाडा रोडवरच्या गॅरेजात आता पान्यांशेजारी लॅपटॉपही दिसतो. तिथे काम शिकणारा आमचा भाचा परवा विचारत होता, "मामू, इंजिनाच्या कंट्रोल युनिटची फाईल बदलायची, तर कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?"

या फाईलीत तक्ते असतात. इंजिनाचे फेरे इतके, भार इतका, तर डिझेल किती सोडायचं, असे. जर्मनीचं विनओएलएस ताकदीचं, पण आकड्यांच्या ढिगातून तक्ता कोणता हे बहुतेकदा आपणच ओळखायचं. इटलीच्या ईसीएम टायटॅनियममध्ये ड्रायव्हर असेल तर तक्ते नावानिशी समोर येतात. ड्रायव्हर नसेल तर हात बांधलेले. ट्यूनरप्रो फुकट वापरता येतं, पण त्या युनिटची डेफिनिशन फाईल हवी. शिवाय आकडा बदलला की बहुतेकदा चेकसमही जुळवावा लागतो, नाहीतर गाडी सुरूच न होण्याचीही शक्यता असते. कोणतंही घ्या, मूळ फाईलची प्रत आधी वेगळी ठेवा.

भाच्याला कुणीतरी पेनड्राइव्हवर 'क्रॅक' केलेलं देऊ केलं होतं. आम्ही नको म्हणालो. चोरीच्या हत्याराने हलाल रोजी कशी होणार? त्यात चेकसम चुकला तर गिऱ्हाइकाची गाडी, म्हणजे त्याची अमानत, बंद पडू शकते. धूर गाळणारं डीपीएफ बंद करून देण्याचं कामही घ्यायचं नाही, हेही बजावलं. तो धूर आपल्याच मोहल्ल्यातली लेकरं श्वासात घेतात.

भाचा जरा हिरमुसला. पण काल भंगारातून एक जुनं युनिट घेऊन आला, सध्या त्यावरच हात बसवतोय.