न उघडलेला सहावा खंड

जयंतीच्या व्यासपीठावरून एक वाक्य दरवर्षी हमखास ऐकू येते : भारतीय रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथामुळे स्थापन झाली. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. इतिहास शिकविण्यात आयुष्य गेलेल्या आम्हीही हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. प्रत्यक्ष ग्रंथ मात्र आम्ही फार उशिरा हाती घेतला. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात तो आहे. आमच्या विद्यालयाच्या ग्रंथालयातील त्या खंडाच्या नोंदपत्रावर एकच सही आढळली, आणि तीही आमचीच.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सांगितले पाहिजे की, त्या वाक्यात अतिशयोक्ती आहे. हिल्टन यंग आयोगापुढे १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांची साक्ष झाली, आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली, हे सर्व खरे. परंतु भारतासाठी मध्यवर्ती बँकेचा सविस्तर आराखडा चेंबरलेन आयोगाच्या काळातच, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, तयार झाला होता आणि तो रचणाऱ्यांत जॉन मेनार्ड केन्स हे प्रमुख होते. ज्यांच्या मताचे खंडन बाबासाहेबांनी आपल्या प्रबंधात केले, तेच हे केन्स. एका बँकेचे जनकत्व मिळविण्याच्या हट्टापायी आपण हा वादच विसरून गेलो, आणि आमच्या मते खरे मोल त्या वादाचे आहे.

वाद समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८९३ मध्ये सरकारने खासगी चांदीला टांकसाळी बंद केल्या. त्यानंतर हळूहळू जी व्यवस्था उभी राहिली तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. देशात चांदीचा रुपया आणि नोटा फिरायच्या. परदेशी देणी भागविण्यापुरते सोने वा स्टर्लिंग सरकारने ठरलेल्या दराने द्यायचे. इंडिया ऑफिसात नोकरी केलेल्या, पण हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवलेल्या केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची वाखाणणी केली. सोने फिरविण्याचा खर्च वाचतो, व्यापार सुरळीत चालतो, असे त्यांचे म्हणणे.

बाबासाहेबांनी लंडनमध्ये बसून विचारले की, सरकारने किती रुपये पाडावेत यावर बंधन कोणाचे? बंधन नसेल तर चलन फुगणार, वस्तूंचे भाव चढणार. पौंडाच्या तुलनेत रुपया स्थिर आहे एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे ताप मोजायचा आणि रोगाकडे पाहायचे नाही. रुपयाने बाजारात किती धान्य येते, किती कापड येते, ही त्याची खरी किंमत. म्हणून रुपयांची नाणी पाडणेच थांबवावे आणि सोन्याची टांकसाळ उघडावी, असा उपाय त्यांनी सुचविला. तो उपाय आज कोणी सुचविणार नाही. केन्स यांनीही त्याच १९२३ साली दुसऱ्या एका ग्रंथात विनिमय दरापेक्षा देशांतर्गत भावांच्या स्थैर्याला अधिक महत्त्व दिले, मात्र सोन्याला त्यांनी रानटी युगाचा अवशेष ठरविले. निदान जवळजवळ सारखे, औषध नेमके उलटे!

आमच्या कोल्हापूरचा या ग्रंथाशी दूरचा का होईना संबंध आहे. माणगावची परिषद मार्च १९२० मधली. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, आणि त्या कामी राजर्षी शाहू महाराजांचे साह्य त्यांना लाभले. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. ग्रंथ निघाला १९२३ च्या अखेरीस. महाराजांना तो पाहता आला नाही.

ग्रंथातील ज्या विवेचनापाशी आम्ही थबकलो, ते मजुरीसंबंधीचे आहे. रुपया घसरला की निर्यात वाढते, देश श्रीमंत होतो, असे तेव्हाही सांगितले जाई. बाबासाहेबांचे उत्तर असे की, भाव चढतात तितक्या वेगाने मजुरी चढत नाही. म्हणून व्यापाऱ्याला जो नफा दिसतो तो बऱ्याच अंशी मजुराच्या ताटातून आलेला असतो. देशाची संपत्ती वाढलेली नसते, ती एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली असते. गुळाच्या सौद्यात दर चढला की वर्तमानपत्रात बातमी येते. चुलवाणापुढे जाळ घालणाऱ्याची हजेरी त्या दिवशी चढते का, हे त्या बातमीत कधी नसते.

पुढे १९३६ च्या आपल्या विख्यात ग्रंथात केन्स बेरोजगारीकडे वळले. मंदीत माणसे कामाविना बसतात, तेव्हा सरकारने खर्च करून मागणी निर्माण करावी, हा त्यांचा सिद्धांत. रोजगार वाढताना भाव थोडे चढतील, मजुरीची खरी किंमत थोडी उतरेल आणि मजूर ते सोसतील, असे त्यांनी गृहीत धरले. येथे बाबासाहेबांचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. तरीही केन्स यांना झटकून टाकणे आम्हाला मान्य नाही. आमच्या काही बंधूंना बाबासाहेबांनी केन्सला 'चीत' केले असे म्हणण्यात आनंद वाटतो. ज्ञानाची ती कुस्ती नव्हे. बेकार हातांची चिंता बाबासाहेबांनाही होतीच. १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात त्यांनी दाखविले की, शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अडकून पडली आहेत, ती खातात पण त्यांच्या श्रमाला वाव नाही. त्यांना उद्योगांत सामावून घ्या.

१९७२ च्या दुष्काळात जत, आटपाडी, सांगोल्याच्या माळावर खडी फोडून आणि पाझर तलावाची माती वाहून आमच्या आईवडिलांच्या पिढीने दिवस काढले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी त्या काळात राज्यभर रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी बसविलेला व्यवसाय कर आजही आमच्या पगारपत्रकात कापला जातो. कपातींच्या त्या ओळीबद्दल कुरकुरणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही सुकडीची चव विचारतो.

त्याच पगारपत्रकात वरच्या बाजूस महागाई भत्ता असतो. निर्देशांक वाढला की तो वाढतो. उशिरा का होईना, फरकासह मिळतो. म्हणजे भाववाढीपासून आम्हाला छत्री आहे. आमच्या वसतिगृहातील मुलांचे पालक ऊस तोडतात, इचलकरंजीत यंत्रमागावर उभे राहतात, गवंड्याच्या हाताखाली राबतात. त्यांच्या मजुरीला असा भत्ता जोडलेला नाही. आणि मुलांच्या जेवणासाठी मिळणारे परिपोषण अनुदान वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर थांबते, तेव्हा तूरडाळ पातळ होते. मुले आमटीकडे पाहून हसतात, आम्ही मान खाली घालतो. शंभर वर्षांपूर्वीचा तो प्रबंध कशाविषयी आहे, हे त्या पंगतीत जितके स्पष्ट कळते तितके व्यासपीठावर कळत नाही.

म्हणून येत्या जूनपासून नववीच्या मुलांकडून एक काम करवून घेण्याचे आम्ही ठरविले आहे. कोठीच्या खरेदीवहीतून मागील दहा वर्षांचे ज्वारी, तेल आणि डाळीचे दर त्यांनी उतरून घ्यायचे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर त्याच वर्षांतील मजुरी आईवडिलांना विचारून शेजारच्या रकान्यात लिहायची. सहावा खंड तोवर वर्गातल्या टेबलावर राहील, कपाटाला कुलूप लागणार नाही.