आयुक्त महोदय, पावडर नको, शेगडी द्या

प्रति,
मा. आयुक्त,
पनवेल महानगरपालिका

महोदय,

मालमत्ता करावरून महापालिकेचं आणि खारघरकरांचं किती वर्षं वाजतंय, हे दोघांनाही ठाऊक आहे. ते भांडण आज बाजूला ठेवते. आजचं मागणं आहे एका स्वयंपाकघराचं, आणि तेही आमच्यासाठी नाही. चार-सहा महिन्यांसाठी इथे खोली घेऊन राहणाऱ्या, आपल्या मतदार यादीत नसलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे.

टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोगाची संस्था २००२पासून खारघरमध्ये आहे. रिक्षावाल्याला ॲक्ट्रेक म्हटलं तर तो क्षणभर विचारात पडेल, 'टाटा' म्हटलं की लगेच वळेल. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत शरीरात सोडायची देशी कार-टी उपचारपद्धती ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईच्या आयआयटीत देशाला दिली. तिच्या चाचण्यांमध्ये टाटाच्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. प्रतिकारशक्तीचं इतकं अवघड शास्त्र आपल्या हद्दीतल्या माणसांना येतं. त्याच हद्दीत औषधाच्या दुकानाच्या काचेमागे 'इम्युनिटी बूस्टर' पावडरचे डबे रचलेले असतात आणि नातेवाईक औषधांच्या पिशवीत तोही एक टाकून घेतात.

केमो काय करते, हे थोडक्यात सांगते, कारण माझी मागणी तिथूनच निघते. वेगाने वाढणाऱ्या पेशी मारणं हे तिचं काम. त्यात गाठीच्या पेशी मरतात, तशाच अस्थिमज्जेतल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या, केसांच्या मुळांतल्याही मरतात. म्हणून तोंड येतं, जुलाब लागतात, केस जातात आणि पांढऱ्या पेशी घटतात. 'काउंट उतरला' म्हणतात तो हाच. बहुतेक औषधांत केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी काउंट सर्वांत खाली असतो. आता हिशेब बघा. त्या दिवसांत रुग्ण बहुधा हॉस्पिटलात नसतोच. सलाईन उतरवून त्याला घरी सोडलेलं असतं, आणि त्याचं 'घर' म्हणजे आपल्या प्रभागातली भाड्याची खोली. जंतूंशी लढायला अंगात शिपाई नसताना तो माणूस आपलं पाणी पितो आणि आपल्या रस्त्यावरचं खातो.

पुष्कळ खोल्यांत घरमालक गॅस लावू देत नाहीत. अशाच एका खोलीत बुलढाण्याकडच्या एक ताई विजेच्या किटलीत अंडी उकडताना मी पाहिल्या. किटलीत एका वेळी दोनच मावतात. अंडी निघाली की त्याच किटलीत मुगाची डाळ. ती शिजायच्या आधी उतू जाते, झाकण उडतं, बटण आपोआप बंद पडतं, की पुन्हा दाबायचं. नवऱ्याचं तोंड आलेलं, म्हणून डाळ बोटाने चेपून बघायची; कण लागला की पुन्हा किटली. खिडकीत पावडरचा डबा होता. दीर घेऊन आले होते. त्यावर किती खर्च झाला ते ताईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पावडरने पांढऱ्या पेशी वाढत नाहीत. त्या फारच घटल्या तर डॉक्टर जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात, ते वेगळं. डाळभातानेही काउंट रातोरात चढत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण वजन घटत गेलेल्या माणसाला पुढची केमो सोसत नाही. मग डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. युरोपातल्या वैद्यकीय पोषणशास्त्राच्या संस्थेचं मार्गदर्शन असं आहे की रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं मिळावीत. पन्नास किलोच्या माणसाला साधारण ६० ग्रॅम. दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या घट्ट वरण १२, पन्नास ग्रॅम पनीर ९, चार पोळ्या १२. झाले की! यात डब्यातलं काही नाही, पण शेगडीशिवाय यातलं फारसं काही होतही नाही.

त्यात नातेवाइकांची पथ्यं. साखरेने गाठ वाढते म्हणून गोड बंद. दूध नको, भात नको, अंडं उष्ण. त्याऐवजी पपईच्या पानांचा रस, गव्हांकुरांचा रस, गुळवेल. आधीच दोन घास जात नाहीत त्या माणसाचं ताट आपण अर्ध्यावर आणतो आणि वर रस पाजतो. फळं न शिजवलेली, म्हणून तीही बंद. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी २००८मध्ये आणि इटलीतल्या डॉक्टरांनी २०२३मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासून पाहिलं. कच्चं सरसकट बंद केल्याने मोठे संसर्ग कमी झाले नाहीत. म्हणजे स्वच्छ धुतलेलं, सोललेलं केळं-संत्रं डॉक्टरांना विचारून द्यायला हरकत नसावी. धोका आहे तो मोड आलेल्या कच्च्या मटकीत, उघड्यावरच्या चटणीत, सकाळपासून कोमट राहिलेल्या मेसच्या डब्यात, आणि पाण्यात.

आयुर्वेदाशी माझं वैर नाही. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२मध्ये धूतपापेश्वर सुरू केलं ते पनवेलमध्येच. काढा कसा होतो हे या गावाला कुणी शिकवायला नको. पण वैद्याने नाडी बघून दिलेलं औषध आणि फलकावरून विकलेला रस यात फरक आहे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. तोवर केमो चालू असलेल्या माणसाच्या यकृतावर प्रयोग नको, आणि जे घेतोय ते निदान डॉक्टरांना सांगावं. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४च्या कायद्याने बंदीच आहे. जाहिरात फलकांना परवानगी आपलं कार्यालय देतं. ती देताना मजकूरही वाचला जावा, इतकंच.

आता मुख्य मागणी. टाटाच्या परिसरात महापालिकेची एखादी इमारत किंवा समाजमंदिराचा मजला घ्या. तिथे सात-आठ शेगड्या, कुकर, मिक्सर, खणाखणांचा फ्रिज, भांडी घासायला गरम पाणी आणि पिण्याच्या पाण्याचा चांगला फिल्टर ठेवा. केसपेपर दाखवावा, आपलं आपण रांधावं, डबा घेऊन जावं. आयतं जेवण वाटा असं मी म्हणत नाही. वाटणारे दानशूर पुष्कळ आहेत, पण येणारी माणसं बंगालची, बिहारची, विदर्भाची. तोंड कडू झालेल्या माणसाला त्याच्या घरच्या फोडणीचा वास आला तर चार घास जास्त जातात. मुलांसाठी सेंट ज्यूड ही संस्था असंच करते. तिच्या निवासांत प्रत्येक कुटुंब आपला स्वयंपाक स्वतः करतं. मोठ्यांनाही भूक असते.

देखभाल एखाद्या महिला बचत गटाकडे द्या, त्यांना मानधन द्या. नागरी आरोग्य केंद्रातून आठवड्यातून एकदा आहारतज्ज्ञ आणि वजनकाटा पाठवा. दोन आठवड्यांत दोन किलो उतरले, तर ते टाटाच्या डॉक्टरांना वेळेत कळेल. भिंतीवर एकच पाटी चालेल: ताप १००.४ झाला तर गोळी घेऊन थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. ती मराठी, हिंदी आणि बंगालीत लिहा.

जागेचा प्रश्न निघेल, सिडकोचं नाव निघेल, फाइल इकडून तिकडे जाईल. म्हणून आत्ताच विनंती करते, की पुढच्या अंदाजपत्रकात या कामाला स्वतंत्र लेखाशीर्ष द्यावं आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल दर महिन्याला त्या स्वयंपाकघराच्या दारावर लावायची अटही त्यातच लिहावी.

आपली,
खारघरमधील एक करदाती