काड्या लक्षात राहिल्या, अलार्म नाही

‘रेन मॅन’ म्हटलं की लोकांना काड्या आठवतात. वेट्रेसच्या हातून टूथपिकची डबी सांडते, ऑटिस्टिक नायक रेमंड जमिनीकडे नजर टाकून २४६ असा आकडा सांगतो आणि डबीत चार उरल्याचं कळल्यावर २५०चा हिशेब चोख जुळतो. १९८८च्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि डस्टिन हॉफमनला अभिनयाचं. त्याच चित्रपटात शेवटाकडे आणखी एक प्रसंग आहे, तो मात्र कोणी सांगत नाही. रेमंड खायला काहीतरी गरम करायला ठेवतो, ते करपतं आणि धुराचा अलार्म वाजायला लागतो. रेमंड किंचाळतो, डोकं आपटून घेतो. झोपेतून धडपडत उठलेल्या भावाला आधी काय बंद करावं तेच कळत नाही. माझ्या मते अख्ख्या चित्रपटात ऑटिझम सगळ्यात खरा दिसतो तो इथे.

रेमंडची स्मरणशक्ती मुळात दुसऱ्याच माणसाची. पटकथाकार बॅरी मॉरोला रेमंड सुचला तो किम पीकवरून. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या या गृहस्थाला हजारो पुस्तकं पाठ होती. त्याच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा जन्मतःच नव्हता आणि तो ऑटिस्टिक नव्हता. स्मरणशक्ती त्याची घेतली, निदान भलतंच लावलं, आणि पुढे जगभरच्या आईबापांना त्याची उत्तरं देत बसावं लागलं. बहुतेक ऑटिस्टिक माणसांमध्ये असली अचाट शक्ती नसते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या आईला लग्नकार्यात हमखास कोणीतरी विचारतं, ‘मग ह्याचं डोकं कशात चालतं?’ ती सांगते, ‘कशात नाही हो. वरणभात आवडतो आणि लिफ्ट आवडते.’ विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्यांच्या घरी मिक्सर लावायच्या आधी मुलाला सांगतात, मग तो कान झाकून आतल्या खोलीत जाऊन बसतो. कुकरच्या शिट्टीचा मात्र नेम नसतो. गणपतीत ढोल-ताशा दारावरून जायचा असला की ती मुलाला घेऊन दुपारीच बहिणीकडे निघते. यातलं कुठल्या पटकथेत येणार?

हिंदीवाल्यांचा घोळ वेगळा. ‘बर्फी!’मध्ये (२०१२) प्रियांका चोप्राने ऑटिस्टिक झिलमिलची नजर, चाल, बोटांची हालचाल बारकाईने उचलली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिव्याच्या खांबाचा प्रसंग आठवा. बर्फी एकेकाचा हात धरून पडणाऱ्या खांबाजवळ उभा राहतो. बाकीचे हात सोडून पळतात, झिलमिल हलत नाही. चित्रपट म्हणतो, हेच खरं प्रेम. तिला धोका कळला का, कळूनही पाय उचलले नाहीत का, की तिचं लक्षच दुसरीकडे होतं, हे विचारायच्या भानगडीत तो पडत नाही. तिचं वेगळेपण दुसऱ्याच्या परीक्षेचा कागद झालं. ‘माय नेम इज खान’चा (२०१०) रिझवान पिवळ्या रंगाला, मोठ्या आवाजाला बिचकतो. इथवर ठीक. मग तो पुरात बुडालेलं गाव वाचवायला निघतो. साधं जगून त्याला चालतच नाही.

नुसतं चुकलं तर एकवेळ हसून सोडता येतं. गायिका सियाच्या ‘म्युझिक’मध्ये (२०२१) कासावीस झालेल्या ऑटिस्टिक मुलीला पालथं पाडून वरून दाबून धरलेलं दाखवलं, तेही मायेने. असं धरल्याने श्वास कोंडून माणसं दगावलेली आहेत. ऑटिस्टिक लोकांनीच आवाज उठवला, तेव्हा कुठे सियाने माफी मागितली.

ऑटिस्टिक पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिनवरचा चित्रपट (२०१०) बराच उजवा, कारण मुळात तिनेच लिहून ठेवलेलं हाताशी होतं. गुरांना टोचताना ज्या खोड्यात दाबून धरतात, त्यात ती स्वतः शिरते आणि शांत होते. मग तसंच यंत्र आपल्यासाठी बनवते. कॉलेजवाल्यांना त्यात काहीतरी चावट दिसतं. माणसांची मिठी नको, पण दाब हवा, हे ती त्यांना कसं समजावणार? क्लेअर डेन्सने ही चिडचिड छान दाखवली आहे.

पण मला सगळ्यात आवडलेला चित्रपट फारसा कोणी पाहिलेला नाही. रेचेल इस्रायलच्या ‘कीप द चेंज’मध्ये (२०१७) नायक-नायिका दोघंही खरोखर ऑटिस्टिक आहेत. डेव्हिड नको तिथे वाह्यात विनोद करतो, पोलिसालाही सोडत नाही, म्हणून त्याला एका गटात सक्तीने पाठवतात. तिथल्या लोकांना तो नाकं मुरडतो, आपण त्यांच्यातले नाहीच असा आव आणतो. बढाईखोर आहे आणि गटातल्याच सारावर प्रेम करतानाही तिची लाज बाळगतो. तो कोणाला वाचवत नाही आणि त्याच्यामुळे कोणाचं मन शुद्धबिद्ध होत नाही. दोघं भांडतात, चुंबन घेतात, पुन्हा भांडतात. मला तर अध्येमध्ये त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. रेमंडबद्दल असं कधी वाटलं नव्हतं.