ताराबाईची एस्तेर कशाला?

पुरीमला मगिला ऐकायची आणि घरी येऊन म्हाताऱ्या ताराबाईला सांगायचे, "आजी, तुझे नाव इथे शोभत नाही, एस्तेर लाव!" आपल्यातली ही नवी रीत मला मुळीच मान्य नाही. ज्या नावाचा एवढा अभिमान, त्याचे मूळ तरी कोणी पाहिले आहे काय?

मगिलेच्या दुसऱ्या अध्यायात ही मुलगी दोन नावांनी येते. हदस्सा हे हिब्रू नाव. हदस म्हणजे सुक्कोथला लुलाबबरोबर आपण हाती धरतो ती सुवासिक डहाळी. एस्तेर हे दुसरे. कोणी ते 'लपवणे' या अर्थाच्या हिब्रू धातूशी जोडतात, कारण तिने राजवाड्यात आपले कूळ लपवले. पण कित्येक विद्वान ते फारसीतील ताऱ्याच्या शब्दाकडे नेतात, तर काही बाबेलच्या इश्तार देवीकडे. तालमुदातही रब्बी नहेम्यांचे मत आहे की, परक्या लोकांनी आकाशातील ज्योतीवरून तिला हे नाव दिले.

आता फारसी 'सितारा' आणि आपला 'तारा' हे एकाच जुन्या मुळाचे शब्द. मग तारा खोडून एस्तेर लिहिणारे काय साधतात? एका देशाचा तारा उतरवून दुसऱ्या देशाचा लावतात, इतकेच!

"तारा हे यहुदी नाव नव्हे," म्हणे. मग युरोपातून आलेली गोल्डा? स्पेनच्या यहुद्यांची एस्त्रेया? तिचाही अर्थ ताराच. त्यांना कोणी नाव बदलायला सांगत नाही. कोकणातल्या नावाचीच लाज का? आपण पूर्ण यहुदी आहोत हे १९६४ साली सरकारने जाहीर केले, तेव्हा आपल्यातल्या कित्येक आयांची नावे मराठीच होती.

मी अनेक वर्षे परिचारिका होते. आपल्या म्हाताऱ्या बायांच्या मनगटावर नव्या नावाची पट्टी असे. त्या नावाने हाक मारली तर डोळे मिटलेलेच; "ताराबाई" म्हटले की मान वळे. शेवटच्या आजारात कानाला जे नाव ओळखीचे राहते, ते खोटे कसे?

नातीला एस्तेर म्हणा, हदस्सा म्हणा, मला आनंदच आहे. पण आजीचे नाव तिच्या कागदांवरून आणि उद्या तिच्या थडग्याच्या दगडावरून खोडू नका. मगिलेने राणीची दोन्ही नावे राखली. आपणही दगडावर दोन्ही कोरावीत.