६१७४ला जादू म्हणू नका

शनिवारी सकाळी चहाबरोबर व्हॉट्सॅपवर पुन्हा तोच फॉरवर्ड. "६१७४ : विश्वाचा जादुई आकडा! शास्त्रज्ञही हैराण!!" खाली हात जोडलेले चार इमोजी. टाळकंच सटकलं. पाठवणारा माझ्याच बॅचचा, इंजिनियर.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. २००५ घेऊ. ५२००-००२५=५१७५. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. तिथे गाडी थांबते, कारण ७६४१-१४६७=६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्या.

गंमत आहेच, नाही कोण म्हणतंय? पण हैराण कोण झालंय बुवा? अंक मोठ्याकडून लहानाकडे क, ख, ग, घ धरा. वजाबाकी येते ९९९(क-घ)+९०(ख-ग). म्हणजे मूळ संख्या कुठली याला काही अर्थच उरत नाही, फक्त दोन फरक उरतात. पहिला १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजा : २+३+...+१०, एकूण ५४. सुरुवातीला ९९९० संख्या होत्या, एका वजाबाकीत ५४ उरल्या! त्या ५४ वहीच्या दोन पानांवर तपासून होतात. रहस्य संपलं. (प्रोग्रॅम लिहिणार असाल तर पुढचं शून्य सांभाळा. २१११-१११२ चं उत्तर ०९९९ असं चार अंकीच ठेवायचं. मी ९९९ ठेवलं, उत्तर शून्य आलं, आणि दहा मिनिटं मी कापरेकरांनाच चुकीचं ठरवत होतो.)

हो, कापरेकर. त्या फॉरवर्डमध्ये त्यांचं नावच नाही, खरा राग त्याचा आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेतले मास्तर. १९४६ मध्ये त्यांना हे सापडलं, १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत त्यांनी ते मांडलं. कॉम्प्युटर नाही, कॅलक्युलेटर नाही, हाताने वजाबाक्या. इथल्या बऱ्याच विद्वानांनी त्याला पोरखेळ म्हटलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिल्यावर जगभर नाव झालं. तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

आधी पोरखेळ म्हणून झटकलं, आता जादू म्हणून ओवाळतोय. दोन्हीकडे त्या माणसाने केलेली वजाबाकी करून बघायचे कष्ट वाचतात. जादू म्हटलं की संपलं, मग 'का?' विचारायला नको. आणि आपण तर दिवसभर 'का'चे पैसे घेणारी माणसं! लॉगमध्ये विचित्र आकडा दिसला तर हात जोडतो का आपण?

कुणी म्हणेल, पण हा खेळ दहाच्या पायावरच्या अंकांचा, यात खोल गणित कुठलं? मान्य, ६१७४ हे उत्तर दशमान पद्धतीचंच आहे. पण प्रश्न तेवढा नाही. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. पाच अंकी कुठेच थांबत नाहीत, चक्रात फिरतात : ५३९५५ वरून ५९९९४, आणि तिथून परत ५३९५५. तीनला आहे, चारला आहे, पाचला का नाही?

मित्राला उत्तरादाखल ५३९५५ एवढंच पाठवलंय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.